प्रमोदिनी गेली!

ब्राउझरमधली नोटबुक म्हणजे काय, हे कोपरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत! काही इन्स्टॉल करायला नको. पान उघडा, प्रोग्राम लिहा, चालवा. ठाण्यातल्या आमच्या ऑफिसचा कुठला टेम्पो घोडबंदर रोडला कधी अडकणार, हे आधीच सांगणारा प्रोग्राम मी त्यात लिहिलेला. दसरा झाला की तो डेटा टीमच्या हेड प्रमोदिनी मॅडमना दाखवायचा, असं त्यांना सांगूनही ठेवलेलं, आणि मग डिस्पॅचच्या त्या मोडक्या खुर्चीतून थेट त्यांच्या टीममध्ये! फाईलचं नावसुद्धा मी 'प्रमोदिनी' ठेवलेलं. मस्का मारायचाच, तर हात आखडता कशाला?

ऑफिसातला प्रितम म्हणालेला, "दिप्या, डाउनलोड करून ठेव. ती फाईल फक्त ब्राउझरच्या पोटात असते. ब्राउझर साफ, फाईल साफ!"

"सेव्ह केलंय रे मी! तू मला शिकवू नको."

खंडेनवमी आली. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा. शेती केव्हाच गेली, पण आबांचा कोयता अजून पाटावर मानाने बसतो. शेजारी आईची विळी आणि यंदा माझा लॅपटॉप! झेंडूचं फूल वाहण्याआधी म्हटलं, प्रोग्राम एकदा उघडून ठेवू. देवीलाही दिसू दे.

नोटबुक उघडली. कोरी करकरीत!

"दर्शना! लॅपटॉपला काय केलंस?"

"पुसला!" बायको अभिमानाने म्हणाली. "पूजेला ठेवायचा ना? बाहेरून पुसला, आतूनही पुसला. ब्राउझरमध्ये काय कचरा रे तुझ्या! हिस्ट्री, कुकीज, साइट डेटा... सगळ्यावर टिक केली आणि उडवून टाकलं."

मी कपाळावर हात मारून ओरडलो, "मेलो! प्रमोदिनी गेली!"

आईच्या हातातली हळदीची वाटी खाली.

"अगो बाय! कोन गेली रं?"

"प्रमोदिनी गं! कालपर्यंत चांगली चालत होती!"

"पूजा थांबवा वो!" आईने आबांना फर्मावलं. "मयताची खबर आली!"

आबा नारळ उगारलेल्या अवस्थेत गोठले. "मंग नारल फोरू का नको?"

इकडे दर्शनाचा आवाज एकदम थंड झाला. "ही प्रमोदिनी कोण? आणि ती तुझ्या हिस्ट्रीत काय करत होती?"

"अगं, रात्र रात्र बसलोय तिच्यासोबत!"

हे वाक्य मी नक्की का बोललो, ते आजही मला सांगता येत नाही. दर्शनाने विळीकडे पाहिलं. मी आबांच्या मागे सरकलो. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि तो आईने उचलला.

"कोन?... कोन प्रमोदिनी?" आईचे डोळे पांढरे झाले. "अवो, पन तुमी तं गेल्याव ना! आमी पूजा पन थांबवली!"

मी फोन हिसकावला. दर्शनाने दुसऱ्या बाजूने कान लावला.

"मॅडम, तुम्ही गेला नाहीत! म्हणजे तुमचं नाव गेलं... म्हणजे बायकोने तुम्हाला पुसलं..."

मॅडम अगदी सावकाश म्हणाल्या, "दिपेश, मी आहे. फाईल आहे का?"

मी फोन पुन्हा आईच्या हातात दिला. अशा वेळी सांत्वनाचे चार शब्द कसे बोलावेत, ते तिलाच बरं जमतं.