अण्णांची कोरडी खोली

नाडगौडा अण्णांच्या घरात ओल्या केसांनी जाता येत नाही. गंमत करत नाहीये मी. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही बंगळुरात जयनगरच्या या इमारतीत राहायला आलो आणि पहिल्याच शुक्रवारी मी न्हाऊन, केस मोकळे सोडून, खालच्या मजल्यावर त्यांच्याकडं विरजण मागायला गेले. दार अण्णांनीच उघडलं. हातातली वाटी बघितली नाही, तोंड बघितलं नाही. थेट केसांकडं बघून म्हणाले, "स्वल्प थांबा. आधी वाळवून या."

मी वाळवून गेले! नवी होते, तोंड फुटलं नव्हतं. आता फुटलंय, आणि ते त्याच माणसानं फोडलं.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. इथल्या एका सरकारी कारखान्यात दुर्बिणींची भिंगं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, शेअर बाजारात जातात, नाहीतर नुसती बायकोच्या डोक्यात जातात. अण्णा बुरशीच्या मागं लागले. घरात कॅमेऱ्याच्या अठरा लेन्स. काही स्वतः घेतलेल्या, काही लोकांनी बुरशी आली म्हणून टाकून दिलेल्या. त्या अण्णांनी उघडून, पुसून, पुन्हा बसवून माणसात आणल्या. फोटो मात्र विचारू नका. लेन्स कपाटातून काढली की तिला हवा लागते, हवेत ओल असते, ओलीत बुरशी असते. "बुरशी रजा घेत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी 'काय अण्णा, बरंय ना?' विचारलं तरी उत्तर हेच.

घरातली पुढची, उन्हाची खोली लेन्सची. तिथं ओल ओढून घेणारं एक मशीन रात्रंदिवस घुरघुरतं आणि भिंतीवर हवेतली ओल सांगणारी तबकडी आहे. काटा पंचेचाळीसवर असला की अण्णा देवमाणूस. साठच्या पुढं गेला की पाहुण्याला चहा नाही, कारण चहाची वाफ होते. बासष्टला मी स्वतः परत फिरलेय.

एकदा त्यांच्यासमोर मी चष्म्यावर 'हा' करून तो पदरानं पुसला. "अय्यो! माणसाच्या तोंडात अर्धं गटार असतं, आणि तुम्ही ते काचेवर सोडता? वर पदरातल्या धुळीनं घासता?" चष्मा ओढूनच घेतला. आधी रबरी पंपानं हवा मारली, मग मऊ ब्रश, मग कसलासा थेंब टाकून पातळ कागद. वीस मिनिटं मी आंधळ्यासारखी बसून होते. पण खोटं कशाला बोलू, तो चष्मा घालून घरी गेले आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरं मोजली.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना एकदाच फोटो काढायला बोलावलं. आले, कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन बसले. आरती झाली, लहान मुलांची नाटुकली झाली, बक्षिसं झाली. बॅग बंद. "गार खोलीतून दमट हवेत आणलंय. लगेच उघडलं तर आत दव धरेल." बॅग उघडली तेव्हा हॉल रिकामा होता. त्या वर्षीच्या अल्बमात गणपती नाही, माणसं नाहीत, खुर्च्या उचलणारे दोन हमाल मात्र केसन् केस स्पष्ट आहेत.

हे सगळं चौदा वर्षं मी हसत हसत लोकांना सांगत आले. हसायचं थांबले ते शालिनीअक्कांमुळं.

शालिनीअक्का म्हणजे अण्णांची बायको. या बाईनं आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पुढच्या खोलीची ओल बाहेर काढायची म्हणजे ती कुठंतरी जायला हवी ना? ती अक्कांच्या वाट्याला आली. स्वयंपाकघराला लागून मागं एक अंधारी खोली आहे, ती त्यांची. कुकरची वाफ पुढं जाऊ नये म्हणून मधलं दार बंद. धुतलेले कपडे पुढं नकोत म्हणून दोऱ्या यांच्या पलंगावर. बंगळुरात आठ-आठ दिवस झिमझिम लागते, तेव्हा ही बाई ओल्या पंच्यांच्या आणि चादरींच्या खाली झोपायची. आणि अण्णा पुढच्या खोलीत, दिवाणावर, पंचेचाळीस टक्क्यांत.

गेल्या पावसाळ्यात अक्का खोकायला लागल्या. आधी रात्री, मग दिवसा, मग जिना चढताना मध्येच बसायला लागल्या. श्वास घेताना छातीतून शिट्टी यायची. अण्णा दाराबाहेरून विचारायचे, "काढा घेतलास का?" शेवटी मीच रिक्षा केली आणि डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छाती तपासली, फुंकायची नळी दिली आणि विचारलं, "घरात कुठं ओल आहे का?"

अक्का ताठ बसल्या. म्हणाल्या, "छे हो! आमच्यात पंचेचाळीस असतं."

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमानानं बोलत होती हो ती बाई!

घरी आल्यावर मी तडक मागच्या खोलीत शिरले आणि पलंग ओढला. भिंत उशीपासून खिडकीपर्यंत काळी पडली होती. केसाळ, हिरवट काळी. बोट लावलं तर ओलं. मी अण्णांना हाक मारली. ते दारातच थबकले. दोन वर्षं त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, कारण तिथून बुरशीची बीजं अंगावर बसून पुढं येतात, असा त्यांचा हिशेब. मी हात धरून आत ओढलं.

खिशातून त्यांनी टॉर्च काढला, भिंगही काढलं. वाकून बराच वेळ बघितलं.

"बुरशी आहे," ते म्हणाले.

"दिसतंय की मलाही!"

मग ते जे बोलले ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, "ही कपड्यांवरून बीजं पुढं नेते की काय? लेन्सला लागली नसेल ना?"

"अण्णा, बायको खोकतेय तुमची! लाज वाटत नाही?" मी ओरडले. पण शालिनीअक्का माझ्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोरीवरचे कपडे काढले, ओलेच घडी केले आणि सोलापूरच्या लेकीला फोन लावला. दोन दिवसांनी जावई येऊन घेऊन गेला. अण्णा फाटकापर्यंत गेले. जावयाला म्हणाले, "सोलापूरची हवा कोरडी. बरं झालं." झालं! एवढंच.

त्याला आता तीन महिने झाले. अण्णा रोज फोन करतात आणि तिथं किती टक्के ओल आहे ते विचारतात. अक्का आकडा सांगतात आणि ठेवतात. परवा त्यांचा मला फोन आला. आवाज मोकळा, शिट्टी नाही. "वैशाली, इथं मी खिडकी उघडी टाकून झोपते गं. सकाळपर्यंत एकदा उठत नाही. मी काही येत नाही आता. यांना सांगू नकोस."

सांगू नको म्हणाल्या, पण मी सांगणारच होते. तोंडावर फेकणार होते. 'ती येणार नाही, बसा भिंगं पुसत,' हे वाक्य घोळवतच मी जिना उतरले.

दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत सामसूम. मशीन जागेवर नव्हतं, काटा अडुसष्टवर, आणि अठराच्या अठरा लेन्स टेबलावर उघड्या पडलेल्या. घुरघुर मागून येत होती. अण्णा मागच्या खोलीत स्टुलावर चढले होते. दोऱ्या गेल्या होत्या. गिलावा विटेपर्यंत खरवडला होता आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस दात घासायच्या ब्रशनं विटांच्या सांधी साफ करत होता. केसांवर, भुवयांवर चुना. कोपऱ्यात चटई आणि उशी. झोपतही इथंच होते.

"गवंडी नाही का मिळाला?" मी विचारलं.

"गवंडी वरवर करतो. आत राहिली तर तिला पुन्हा धरेल." मग ब्रश थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी विचारलं की ती आकडा सांगते फक्त. तुमच्याशी बोलते ना? कधी येते म्हणाली?"

जिन्यावर घोळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. देवाशपथ, आलं होतं.

"भिंत नीट वाळू दे म्हणाल्या," मी म्हणाले. "घाई करू नका म्हणाल्या."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. तोंडावरून हात फिरवला, चुना डोळ्यात गेला असावा. "तिचं बरोबर आहे. अजून एक हात मारतो."

ते पुन्हा वर वळले. स्टुलाचा एक पाय डगमगत होता. मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहत मी तो घट्ट धरून उभी राहिले.