भामरेनानांचा भुवनेश्वरला गेलेला मिक्सर

आमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या बटणाला काही महिने पुठ्ठ्याची एक पाटी लटकत होती. तिच्यावर लाल शाईत लिहिलं होतं: 'काम चालू आहे. बटण दाबू नये.' पाटी समोरच्या भामरेनानांची. कॉम्प्युटर माझा, त्याचे हप्ते माझे, पण तो चालू करायचा तर आधी नानांना बोलावून पाटी उतरवून घ्यायची. दुसऱ्या कुणी ती उतरवलेली त्यांना चालत नसे.

नाना मूळचे नामपूरचे. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये झाली. तिथे एखादं बटण दाबायचा हुकूम आला की ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, समोरच्याने 'बरोबर' म्हणायचं, मग बटण दाबायचं आणि दाबल्यावर तसं कळवायचं. पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. नाना रिटायर झाले, शिस्त रिटायर झाली नाही. घरात गिझर लावायचा तरी नानींना 'बरोबर' म्हणण्यासाठी कणकेचे हात घेऊन बाथरूमपर्यंत यावं लागे.

हे दोन हजार आठ-नऊच्या सुमाराचं. इंटरनेटवर वस्तू विकत मिळतात हे आमच्या कॉलनीत नुकतंच कळलं होतं, आणि ज्यांना कळलं होतं तेही घेत नव्हते. मी विमा कंपनीत. दिवसभर लोकांच्या मरणाचे आणि अपघातांचे कागद बघून, द्वारका चौकाच्या गर्दीतून स्कूटर काढत घरी आलो की बोलायचंसुद्धा त्राण नसायचं. चहाचा कप हातात येतो न येतो तोच नाना दारात.

"भाऊसाहेब, आज पुढचे शब्द."

नानांना ऑनलाइन खरेदीचं इंग्रजी शिकायचं होतं, एका मिक्सरसाठी. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली पुण्याला नोकरीला होती. तिथेच तिने ऑफिसातल्या एका ओडिया मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि भुवनेश्वरला गेली. नाना लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून तिच्याशी बोललेही नाहीत. तिचा आईला दुपारी फोन यायचा, तेव्हा नाना उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. गॅलरीचं दार मात्र लावून घ्यायचे नाहीत. असंच एकदा त्यांच्या कानावर पडलं की वैशालीचा मिक्सर जळाला.

"कुरिअरने पाठवला तर आपलं नाव लिहावं लागतं," नाना मला म्हणाले. "इंटरनेटवरून कंपनी पाठवती. आपलं अक्षर नाय, काय नाय. माझं नाव पाह्यलं तर ती घ्यायची नाय."

मी म्हटलं, द्या पत्ता, पाच मिनिटांत मागवून टाकतो. हे मी त्यांच्या प्रेमापोटी म्हटलं नव्हतं, मला पाय लांब करून पडायचं होतं. नाना खुर्चीतून हललेच नाहीत. पोरीला पाठवायचं आणि कुठल्या बटणाने काय होतं ते आपल्यालाच माहीत नसावं, हे त्यांना पटेना.

मग सुरू झालं. मी 'अ‍ॅड टू कार्ट' म्हणायचं. नानांनी "अ‍ॅड टू कार्ट, म्हणजे गाडीत टाका. दाबू?" म्हणायचं. मी "बरोबर, दाबा." नाना "दाबलं." शिपिंग शब्द आला तेव्हा भुवनेश्वरला जहाज कशाला, रेल्वे जाते, यावर एक आख्खी संध्याकाळ गेली. चेकआउट लॉजमधून निघताना करतात, दुकानातून नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. एवढं होईपर्यंत पडद्यावर 'सेशन एक्स्पायर्ड' यायचं. नाना चष्मा काढून हलक्या आवाजात विचारायचे, "वारलं?" मग पुन्हा पहिल्यापासून. मधेच लोडशेडिंग झालं की वीज जणू त्यांनीच बंद केली अशा ओशाळ्या चेहऱ्याने अंधारात बसून राहायचे. बायको आतून भांडी जरा जोरात ठेवायला लागली होती.

एका शब्दाची त्यांना फार धास्ती होती. 'रिटर्न' कुठेही दिसला की बोट ठेवून विचारायचे, हे आपोआप तर होत नाय ना? मी नाही म्हणायचो. दुसऱ्या दिवशी तेच. त्यांचा मला राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकदमच.

अखेर एका रविवारी आम्ही पत्त्याच्या फॉर्मवर पोचलो. फर्स्ट नेम, वैशाली. मिडल नेमशी आल्यावर त्यांनी मला काही विचारलंच नाही. "मिडल नेम म्हणजे बापाचं नाव," म्हणाले आणि एका बोटाने 'पोपट' टाइप केलं. लास्ट नेम, भामरे. मी जपून म्हटलं की नाना, लग्नानंतर तिचं नाव वेगळं असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढचा शब्द सांगा," म्हणाले. मी सांगितला. ऑर्डर गेली आणि त्यांनी पाटी स्वतःच्या हाताने काढून घरी नेली. त्या संध्याकाळी मी खरंच पाय लांब करून पडलो.

आठवडाभराने कंपनीची ईमेल आली. पार्सल भुवनेश्वरला पोचलंय, पण त्या इमारतीत भामरे नावाचं कुणी राहत नाही असं वॉचमन सांगतो. खालच्या फॉर्ममध्ये बरोबर नाव भरून पाठवा, नाहीतर माल परत येईल. मी मराठीत सांगितलं. नाना ऐकून घेऊन म्हणाले, "राहती ना ती तिथं." मी म्हटलं, राहते नाना, पण दारावरची पाटी जावयाच्या नावाची असणार. ते उठून गेले. त्यांना सांगायला नको होतं असं वाटलं, पण सांगितल्याशिवाय पार्सल तरी कसं पोचणार?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर नाना जिन्यातच उभे. आल्या आल्या कॉम्प्युटर लावायला लावला. फॉर्ममध्ये जुनं नाव तसंच भरलेलं होतं. नानांनी 'भामरे' खोडलं. मग 'पोपट'ला आले आणि एकेक अक्षर मागून पुढे खोडत गेले. ती रिकामी चौकट ते बराच वेळ बघत बसले. मला जावयाचं नाव ठाऊक नव्हतं. नानांच्या तोंडून ते आमच्याकडे कधीच निघालं नव्हतं, त्यामुळे नानींना विचारून येऊ का, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांनी टाइप केलं. देबाशिष. आणि शेवटच्या चौकटीत मोहंती. दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंग एकदाही न अडखळता.

चार-पाच दिवसांनी पार्सल पोचल्याची ईमेल आली. त्या संध्याकाळी नाना आमच्याकडे बसले असताना नानी दारात आल्या. "वैशूना फोन शे," म्हणाल्या. "तुम्हले बलाई ऱ्हायनी." घरात दोघं अहिराणीतच बोलायची. वैशालीचा फोन होता आणि ती नानांना बोलावत होती. नाना म्हणाले, सांग, बाहेर गेलेत. नानी हलल्या नाहीत. मग ते उठले आणि चपला न घालताच समोर गेले.

दोन्ही दारं उघडी होती. मी ऐकायचं नाही असं ठरवून ऐकत होतो. नाना रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ नुसतं हां, हां म्हणत राहिले. मिक्सरचं नाव निघालं की नाही कळलं नाही. पलीकडून ती बहुधा रडत असावी, कारण नाना मधूनमधून "चाल, चाल" म्हणत होते, रडणाऱ्या लहान पोराला समजवावं तसं. मग त्यांनी घसा खाकरला आणि जेवणखाण झालं का हे रोजच विचारत असल्यासारखं हळूच विचारलं,

"जावई जेवनात का?"