पाच बटणांचा गळा

देवाने माणसाला तोंड दिले तेव्हा आधी बैठक घेतली नव्हती. त्यामुळे त्या रचनेत बरेच दोष राहून गेले. एकाच तोंडातून जेवण, जांभई, आशीर्वाद आणि शिव्या असा सगळा व्यवहार चालतो, आणि त्याचे वेळापत्रक आजवर कोणीही मंजूर केलेले नाही. हे दोष दूर करण्याचे काम शेवटी एका कंपनीने अंगावर घेतले. काम सत्कर्मात मोडणारे होते, म्हणून त्याला स्वतंत्र मजला मिळाला.

कंपनी एक मुठीत मावणारा कॉम्प्युटर बनवत होती. आजाराने किंवा ऑपरेशनने ज्यांचा आवाज गेला, त्यांनी त्यावर अंगठ्याने लिहायचे आणि यंत्राने ते मोठ्याने बोलून दाखवायचे, अशी योजना. यंत्राचे नाव 'बोलका'. आकार साबणाच्या वडीएवढा. वरच्या अर्ध्या भागात पडदा, आणि खालच्या अर्ध्या भागात अख्खी भाषा बसवायची. हे बसवण्याचे काम जिच्याकडे होते, तिला ऑफिसात सगळे मांडणीबाई म्हणत.

मांडणीबाई स्वभावाने गरीब. कामात चोख, वेळेला पक्की, आणि बैठकीत असून नसल्यासारखी. (वार्षिक अहवालात हा गुण 'संघभावना' या सदराखाली नोंदला जाई.) पण हे काम मात्र तिने निव्वळ पगारासाठी घेतलेले नव्हते. तिच्या सख्ख्या दादाचा आवाज गेला होता.

दादा भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. स्टुलावर उभा राहिला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस हातातला कांदा खाली ठेवायचा. ढिगापुढे नुसते घुटमळणाऱ्याला तो सोडत नसे. "अहो चष्मेवाले, कोबी घ्यायचाय की त्याच्याशी ओळख वाढवायचीय?" असे म्हटले की चष्मेवाले लाजेकाजेस्तव बोली वाढवत. पुढे गळ्यात गाठ झाली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्यासोबत आवाजही गेला. बाजाराच्या व्यवस्थापकांनी माणुसकी दाखवून स्टूल हंगाम संपेपर्यंत राखून ठेवले. तोवर आवाज आला तर स्टूल दादाचे, नाहीतर दुसऱ्या कोणाचे.

घरात तो पाटीवर लिहून बोलायचा. वहिनी त्याला कंटाळली होती. "ताई, ह्यांच्याशी भांडण म्हणून होत नाही हो," ती मांडणीबाईला म्हणायची. "ह्यांचं लिहून होईस्तोवर माझा राग उतरतो. आणि राग उतरल्यावर वाचायचं काय?"

मांडणीबाईने पहिला नमुना बनवला त्यात सगळी अक्षरे होती. बटणे तांदळाच्या दाण्याएवढी, पण होती सगळी. तो तिने घरी आणून दादाच्या हातात ठेवला. दादाने चष्मा कपाळावर चढवला, जीभ दातात धरली आणि अंगठा चालवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने यंत्र बोलले, "चहा थंड आहे."

"मग उठा आणि गरम करून घ्या!" वहिनी आतून ओरडली. मग स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ सुटलेला राहिला. धुवायला भांडे एकही नव्हते.

दादाने पाटी ओढून त्यावर लिहिले, "ठके, बटणं जरा मोठी कर. मग बघ, बाजार हलवतो." (लहानपणी ती बाहुलीसारखी गप्प बसून राहायची, तेव्हापासून तो तिला ठकी म्हणे.)

बटणे मोठी करायची तर ती कोणाच्या अंगठ्यासाठी, हा प्रश्न आला. प्रश्न आला म्हणजे समिती आली. समितीने सर्व कर्मचाऱ्यांचे अंगठे मोजले आणि मोजणीअंती एक सरासरी अंगठा निघाला. तो कंपनीत कोणाचाच नव्हता. तरी बटणे त्याच्याच मापाची करायचे ठरले, कारण सगळ्या अंगठ्यांत तोच एक निःपक्षपाती होता.

त्यानंतर जागांचे वाटप. अंगठा सहज पोचतो त्या भागाला मांडणीबाईने 'सुखाचा पट्टा' म्हटले, ताणावा लागतो त्याला 'कष्टाचा पट्टा', आणि कोपऱ्यांना 'वनवास'. जास्त लागणारी अक्षरे सुखात, कमी लागणारी वनवासात. वाटप शास्त्राला धरून होते आणि तेवढाच त्याचा दोष होता. विक्रीप्रमुखांनी नकाशा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माझं अक्षर कोपऱ्यात?" ते म्हणाले. "इतकी वर्षं या कंपनीसाठी घसा कोरडा केला, आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोपऱ्यात? तेही 'ढ'च्या शेजारी?"

"माझं बघा, बुडाशी आहे," हिशेबप्रमुख म्हणाले. "यंत्र खालून धरताना सगळ्यांच्या तळहाताचा घाम माझ्यावर."

यावर तोडगे निघाले. एक असा, की दर सोमवारी अक्षरांनी आपसांत जागा बदलाव्यात. तो आठवडाभर करून पाहिला. स्वागतकक्षातल्या बाईंनी त्या नमुन्यावर 'पाहुणे आले आहेत' असे लिहिले, आणि यंत्र जे बोलले त्याने पाहुणे परत गेले. दुसरा तोडगा, सर्व प्रमुखांची अक्षरे सुखाच्या पट्ट्यात घ्यावीत. घेतली. मग सामान्य अक्षरांना जागा उरली नाही. फक्त प्रमुखांच्या आद्याक्षरांत काय बोलता येते ते तपासले, तेव्हा 'नको' हा शब्द जमत नाही आणि 'वा वा' जमते, असे आढळले. समितीला ही सुरुवात आश्वासक वाटली.

शेवटी प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी डोळे मिटून ऐकून घेतले आणि विचारले, "भांडणं अक्षरांमुळेच होतायत ना? मग अक्षरं हवीतच कशाला?"

खोलीत शांतता पसरली. मोठी माणसे बोलल्यावर अशी शांतता नेहमीच पसरते, आणि तिला सहमती म्हणतात.

माणसे प्रत्यक्षात बोलतात काय, याचा अभ्यास टक्केवाल्यांकडे सोपवला गेला. टक्केवाले म्हणजे तिसऱ्या खोलीत बसणारे एक गृहस्थ. त्यांनी कशाचेही टक्के काढून द्यावेत आणि इतरांनी ते भिंतीवर लावावेत, अशी पद्धत होती. अभ्यासाला नमुना हवा. बाहेर जाऊन लोकांचे बोलणे गोळा करायचे तर ऊन फार. म्हणून त्यांनी हाताशी होते ते घेतले. कर्मचाऱ्यांनी वर्षभरात मोठ्या साहेबांना पाठवलेले सगळे निरोप त्यांनी काढले आणि मोजले.

निष्कर्ष थक्क करणारा होता. मानवी बोलण्याचा शहाण्णव टक्के भाग फक्त पाच वाक्यांत मावतो. एक, 'हो हो.' दोन, 'छान!' तीन, 'बघू या.' चार, 'अरेरे!' आणि पाच, 'धन्यवाद.' (उरलेले चार टक्के रजेचे अर्ज होते. त्यांना उत्तरे गेलेली नसल्याने ते बोलण्यात धरले नाहीत.) हे सगळे निरोप एकाच माणसाला, आणि तेही साहेबांना, लिहिलेले आहेत ही गोष्ट काही जणांच्या लक्षात आली. पण ती कळवायची तर पुन्हा साहेबांनाच कळवावी लागणार. एकाने धीर करून निरोप पाठवलाही. त्यात 'छान अहवाल, सर' एवढेच होते.

अहवालाच्या पुरवणीत मांडणीबाईचा खास गौरव होता. तिचे वर्षभरातले एकूण एक निरोप पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात बसले होते. 'नैसर्गिक वक्ता कसा असावा याचे उदाहरण,' असे टक्केवाल्यांनी तिच्याबद्दल लिहिले होते.

अशा रीतीने बोलक्यावर पाच बटणे आली. अंगठ्याएवढी मोठी, गुबगुबीत, आणि सगळी सुखाच्या पट्ट्यात. दिसायला इतका देखणा कीबोर्ड त्याआधी कोणी केला नव्हता. सगळ्या अक्षरांचा जुना नमुना परत मागवून नियमाप्रमाणे मोडीत काढला गेला.

नवा बोलका हातात घेऊन दादाने तो उलटा करून पाहिला. अक्षरे मागच्या बाजूला असतील, असे त्याला वाटले असावे.

"दादा, एकदा बाजारात नेऊन तर बघ," मांडणीबाई मान खाली घालून म्हणाली. "हंगाम संपत आलाय."

दादा स्टुलावर चढला. समोर कोबीचा ढीग, भोवती व्यापारी. मांडणीबाई पाठीमागे रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला उभी राहिली. चष्मेवाल्यांनी नेहमीसारखी पडेल बोली लावली. दादाने नाइलाजाने तिसरे बटण दाबले.

"बघू या," यंत्र म्हणाले. आवाज एका अत्यंत समाधानी बाईचा होता.

"बघू या म्हणजे?" चष्मेवाले शेजाऱ्याला म्हणाले. "कधी नव्हे तो हा शिव्या देत नाहीये. मालात काहीतरी आहे." आणि त्यांनी बोली वाढवली.

"छान!" यंत्र म्हणाले.

"त्यांना छान, आणि आम्ही काय फुकट आलोय?" शेजारी उसळला आणि त्याने आणखी वाढवली.

"अरेरे!" चष्मेवाल्यांकडे तोंड करून यंत्र हळहळले. एवढ्या लोकांत स्वतःची कीव झालेली चष्मेवाल्यांना सहन झाली नाही. कोबीवर मारलेले पाण्याचे शिंतोडे सुकायच्या आत ढीग संपला. दादाचा अंगठा मधूनच कोऱ्या पडद्यावर फिरत होता. तिथे काही नव्हते. त्याचे ओठ मात्र हलत होते, आणि ते काय म्हणत होते हे खोक्यांमागून मांडणीबाईला स्वच्छ कळत होते.

बाजाराचे व्यवस्थापक खूश झाले. त्यांनी विचार केला, आणि त्यांचा विचार सरळ होता. लिलाव बटणांनी होतो. बटणे कोणीही दाबू शकतो. मग स्टुलावर माणूस कशाला? त्यांनी स्वतःचा एक बोलका विकत घेतला आणि तो स्टुलावर ठेवला. तोलणारा उजव्या हाताने माल तोलतो आणि डाव्या हाताने बोलका दाबतो. दादाला निरोप द्यायला व्यवस्थापक स्वतः आले. ते भारावले होते, शब्द सुचेना. तेव्हा त्यांनी पाचवे बटण दाबले.

त्या दिवशी मांडणीबाईने ठरवले की साहेबांना तोंडावर सांगायचे. अक्षरे परत द्या, नाहीतर मी राजीनामा देते. पाठ करायला वेळ मिळावा म्हणून ती लिफ्ट सोडून जिन्याने चढली. प्रत्येक मजल्यावर वाक्य अधिक धारदार होत गेले. शेवटच्या मजल्यावर तर ते इतके चांगले झाले, की तिला स्वतःचाच धाक वाटला.

"या, बसा," साहेब म्हणाले. "बाजाराचा अहवाल वाचलात? काय यश आहे! तुमचंच श्रेय हे. कसं वाटतंय?"

"सर, त्यात अक्षरं..."

"हं?"

साहेबांनी मान वर केली. मांडणीबाईने टेबलाच्या कडेकडे पाहिले.

"...अक्षरं काढल्यामुळे किती मोकळं दिसतंय. छान, सर."

"आणखी काही म्हणायचं होतं?"

"नाही सर. धन्यवाद."

उतरताना ती लिफ्टने उतरली.

घरी दादा वाट पाहत होता. ती चप्पल काढते न काढते तोच त्याने पाटी पुढे केली. "बोललीस?"

"बघू या म्हणाले," मांडणीबाई म्हणाली. (साहेब असे म्हणाले नव्हते. पण विचारले असते, तर म्हणाले असते.)

दादाने फडक्याने पाटी पुसली आणि लिहिले, "ते राहू दे. तू काय म्हणालीस?"

मांडणीबाई वाकून चपला जोडीने लावू लागली. वहिनी ओट्याशी हात थांबवून उभी होती. दादाने बहिणीकडे बराच वेळ पाहिले. मग त्याने आपल्या वाट्याचा बोलका उचलला, पदराने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तिच्या हातात ठेवला. पाटीवर खडू पुन्हा करकरला. वहिनी दादाचे सगळे लिखाण नेहमी मोठ्याने वाचून दाखवायची. या वेळी तिने नुसती पाटी नणंदेपुढे धरली.

"ठके, हे तूच ठेव. तुझ्या मापाचं आहे."

दुसऱ्या दिवसापासून दादा पाटी आणि खडू घेऊन बाजाराच्या दारात बसू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याबद्दल मनात येईल ते तो लिहितो. लोक थांबून वाचतात, चिडतात, आणि पुन्हा वाचायला येतात. व्यवस्थापकांनी त्याबद्दल दोनदा बैठक घेतली आहे.

बोलक्याचा खप मात्र सर्व अपेक्षांच्या पलीकडे गेला. विक्रीचे आकडे पाहता एक गोष्ट दिसते. आवाज गेलेल्यांनी तो फारसा घेतला नाही. ज्यांनी घेतला, त्यांची बहुतेक यंत्रे परत आली. घेतला तो ज्यांचा गळा ठणठणीत आहे त्यांनी. आता कंपनी प्रत्येक यंत्राबरोबर ग्राहकाचा अभिप्राय मागते, आणि अभिप्राय द्यायचा तो यंत्रावरूनच, अशी सोय आहे. एकही तक्रार आजवर आलेली नाही.

ही हकीकत आपण इथवर वाचलीत. वाचून मनात काहीतरी आलेच असेल, आणि ते कोणाला तरी सांगावे असेही वाटले असेल. शब्द शोधण्याची तसदी घेऊ नये. बहुतेकांचे ते दुसऱ्या बटणावर आहे, हळव्यांचे चौथ्यावर. दाबावे, आणि पुढच्या कामाला लागावे.