अनुक्रमांक चार ते सात

तहसील कचेरीच्या नक्कल विभागातल्या श्यामरावांनी एका शनिवारी बायकोला न्याय मिळवून द्यायचं ठरवलं. तेवढ्यावरच थांबले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मालिनीबाईंना लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी मोबाइलवरचा एक गेम विकत घेऊन दिला होता. (खरं तर गुहागरला न्यायचं कबूल केलं होतं, पण त्याच आठवड्यात ऑफिसात तपासणी निघाली.) गेममध्ये समुद्राकाठी आपली वाडी वसवायची. जाहिरातीत म्हटलं होतं, आत्ता घ्या, सहा महिन्यांत होडी, विहिरीवर रहाट आणि म्हैस अपडेटमधून देऊ. मालिनीबाईंनी हौसेनं गोठा बांधून ठेवला. चौदा महिने झाले तरी गोठा रिकामा. विचारलं की कंपनीचं उत्तर यायचं, 'आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. लवकरच.'

हे उत्तर श्यामरावांनी लगेच ओळखलं. सव्वीस वर्षं खिडकीतून ते लोकांना हेच सांगत आले होते, आणि त्याचा अर्थ काय असतो हे अख्ख्या रत्नागिरीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"अगो, ही फसवणूक आहे," ते म्हणाले. "विकताना जे कबूल केलं ते द्यायलाच हवं. गेम असला म्हणून काय झालं? मी ग्राहक आयोगात जातो. काय काय कबूल केलंय त्याची यादी आहे का?"

"कॅलेंडरच्या मागे लिहिलीय बघा," मालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "राहिलेलं सगळं तिथेच लिहिते मी."

नक्कल करताना मजकुरात डोकं घालायचं नाही, हा श्यामरावांचा बाणा. डोकं घातलं की हात चुकतो. (एका उताऱ्यात मयताचं नाव दोनदा पडलं होतं, तेही त्यांनी इमानानं दोनदा उतरवलं.) त्यांनी सातच्या सात बाबी सुवाच्य अक्षरात उतरवल्या, वरील सर्व मजकूर खरा असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि तक्रार दाखल करून टाकली.

यथावकाश कंपनीला नोटीस गेली, सुनावणीची तारीख लागली, आणि मालिनीबाईंनी तक्रारीची प्रत पहिल्यांदा हातात घेतली.

"अहो, हे काय लिहून दिलंत?"

"तुझीच यादी. मुळाबरहुकूम."

"एक, होडी. दोन, रहाट. तीन, म्हैस. बरोबर. चार, मागच्या दारचा गळका नळ. पाच, माळ्यावर दिवा. सहा, गुहागरला दोन दिवस, समुद्राच्या बाजूची खोली. सात, घोरण्यासाठी डॉक्टरकडे जाणं." त्यांनी चष्मा काढला. "हे कंपनीनं कबूल केलं होतं?"

श्यामरावांनी बोटांवर हिशेब केला. पेन्शनला तीन वर्षं उरली होती, आणि त्यांनी शपथेवर सांगितलं होतं की आपल्या घोरण्यावर इलाज करायचं बंगळूरच्या त्या गेम कंपनीनं कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या हरिश्चंद्रांना त्यांनी विश्वासात घेतलं. हरिश्चंद्रांनी डबा खाता खाता धीर दिला.

"खोटं प्रतिज्ञापत्र? मेलास तू. नोकरी जायची नाय कदाचित. पण चौकशी लागणार, आणि पेपरात नाव येणार. घोरण्यासकट."

आठ दिवस श्यामरावांनी बांगड्याला हात लावला नाही. झोपही उडाली. (त्यामुळे सातवी बाब तात्पुरती निकालात निघाली, असं मालिनीबाईंचं म्हणणं.)

सुनावणीला कंपनीतर्फे मनस्विनी नावाच्या तरुण वकीलबाई उभ्या राहिल्या. "एक ते तीन जाहिरातीत होतं, कंपनीला मान्य आहे. पंचेचाळीस दिवसांत देऊ," त्या म्हणाल्या. "चार आणि पाच, म्हणजे नळ आणि दिवा, आमचे इंजिनियर गेममध्ये दोन आठवडे शोधत होते. सहा, गेममध्ये गुहागर नाही. सात, गेममधलं कुठलंही पात्र घोरत नाही. कोंबड्यासुद्धा तपासल्या."

श्यामराव उठले आणि पुन्हा बसले. शेवटी मालिनीबाईच उभ्या राहिल्या.

"साहेब, चार ते सात ह्यांनी कबूल केलेलं आहे. 'लवकरच' म्हणणारे सगळे मी एकाच यादीत लिहिते."

आयोगाच्या साहेबांनी बराच वेळ कागद तोंडासमोर धरला. मग ते म्हणाले, चूक नकलेची दिसते, हेतू वाईट नाही. दुरुस्ती करा, तडजोडीचा कागद द्या आणि घरी जा.

श्यामरावांना इतकं हलकं वाटलं, की बाहेर येऊन त्यांनी विरुद्ध बाजूच्या वकीलबाईंनाही कोकम सरबत पाजलं. चौकशी नाही, पेपर नाही, पेन्शन शाबूत. आठ दिवसांची भूक एकदम लागली. तोवर मालिनीबाई आणि वकीलबाई बाकावर बसून तडजोडीचा मसुदा करत होत्या. (दोघींचं फारच जमलं होतं.)

"अक्षर तुमचं चांगलं, तुम्हीच उतरवा," मालिनीबाई म्हणाल्या. "पण वाचून घ्या हं."

वाचून घ्या म्हणे. श्यामरावांनी एका दमात नक्कल केली, सही ठोकली, कागद आत दिला आणि मासळीची थाळी गाठली.

बाराव्या दिवशी होडी आली, मग रहाट, आणि विसाव्या दिवशी म्हैस गोठ्यात उभी राहिली.

"बघितलंस?" श्यामराव म्हणाले. "लेखी घेतलं की झक्कत द्यावं लागतं."

"मी तेच म्हणत होते," असं म्हणून मालिनीबाईंनी तडजोडीची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच श्यामरावांनी स्वतः केलेली नक्कल वाचली.

'अनुक्रमांक एक ते तीन कंपनी पुरवील. अनुक्रमांक चार ते सात तक्रारदार स्वतः त्याच मुदतीत पुरवतील. "लवकरच" हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.'

खाली सही त्यांचीच होती. अक्षर मोठं सुरेख आलं होतं, आणि कुठेही खाडाखोड नव्हती.