वाचनासाठी अत्यंत योग्य दगड

वाचनाच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण म्हणजे घर. घरात पुस्तक असतं, खुर्ची असते, दिवा असतो, चष्माही शोधला तर सापडतो. आणि एवढं सगळं हाताशी असून वाचन होत नाही. यावरून वाचायचं असेल तर माणसाने घरापासून लांब जायला हवं, हे आपोआप सिद्ध होतं. किती लांब, एवढाच प्रश्न उरतो.

ठाण्याच्या 'पुस्तकविसावा वाचक मंडळा'ने या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला होता. पहिला अभ्यास समुद्रकिनारी झाला. पुस्तकांत वाळू गेली. (ती अजून निघालेली नाही, कारण पुस्तकं अजून उघडलेली नाहीत.) दुसरा अभ्यास थंड हवेच्या ठिकाणी झाला आणि सर्वांना उत्तम झोप लागली. तेव्हा एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक घेऊन मंडळाच्या अध्यक्ष प्राजक्ताताईंनी दोष नेमका पकडला. "आपला शत्रू मोबाईल आहे," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्यांचा व्हिडिओ काढला. आता असं ठिकाण शोधायचं, जिथे रेंज म्हणून येतच नाही.

त्या हॉलमध्ये पाण्याचे ग्लास फिरवत होता कमलेश. राहणार उंबरटेक पाडा, जव्हारहून मोखाड्याकडे जाताना डांबर संपलं की डाव्या हाताला. त्याने ट्रे खाली ठेवला आणि छाती पुढे काढून सांगितलं, "म्याडम, आमच्याकडं रेंज अजिबात नाय."

ही गोष्ट तो जन्मात पहिल्यांदाच अभिमानाने बोलला होता.

मंडळाने माहिती विचारली, कमलेशने दिली. रस्ता? अर्धा. वीज? असते, पण हट्ट करत नाही. वर्दळ? भात झोडून झालं की अर्धा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, घरांना कुलपं. "म्हणजे पूर्ण एकांत!" प्राजक्ताताईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं पाडा ज्याला गैरसोय समजत होता, ती खरं म्हणजे पर्यटनाची पायाभूत सुविधा होती आणि ती फार जुन्या काळापासून टिकवून ठेवलेली होती. एक चाचणी सहल करायची, पसंत पडलं तर दरवर्षी हिवाळाभर आळीपाळीने गट पाठवायचे, असं ठरलं.

कमलेश घरी आला आणि बायकोला, हर्षदाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पसंत पडला तं बरा. नाय पडला तं मुकादमाला सांगते, यंदा भट्टीवर येतो म्हनून. पोर आश्रमशाळंत, आये इथं ऱ्हाईल, आपन दोघा तिथं." एवढंच. पण ते ऐकल्यापासून कमलेशला झोपेत विटा दिसू लागल्या.

आता उंबरटेकला एक भानगड होती. रेंज नव्हती, हे खरं. पण अगदीच नव्हती असंही नाही. पाड्याच्या मागे चढावर एक काळा कातळ आहे. त्यावर जव्हारकडे तोंड करून उभं राहिलं, फोन डोक्याच्या वर धरला आणि वारा आडवा नसला, तर रेंज येते. याला रेंजचा दगड म्हणतात. पाड्याचं सगळं सरकार त्या दगडावर चालतं. आजारी माणसासाठी गाडी तिथून बोलवायची, आश्रमशाळेतल्या लेकीची खुशाली तिथून घ्यायची आणि महिन्याचं रेशनही तिथेच. रेशनवाले तुळशीदासभाऊ अंगठा घ्यायचं मशीन गळ्यात अडकवून दगडावर चढतात, पाडा रांगेत खाली उभा राहतो, एकेक जण चढतो, अंगठा लावतो, मशीन टुंग करतं, की तांदूळ मंजूर. (मशीनला रेंज नसेल तर माणूस जिवंत असला तरी चालत नाही.)

कमलेशने पाड्याची सभा घेतली. "पाहुनं असेपर्यंत दगडाकडं कोनी फिरकायचा नाय. दगड आपल्याला ठावकीच नाय!"

"आन् रेशन?" त्याची आई चैती म्हणाली.

"तुळशीदासभाऊला सांगतो, पुढच्या आठवड्यात ये."

त्याने दगडावर चढून तुळशीदासभाऊंना फोन लावला. ते ज्या रस्त्यावर होते तिथे रेंज नव्हती. कमलेशने प्रयत्न केल्याचं समाधान मानलं.

मग शांततेची तयारी झाली. सुकऱ्याचा कोंबडा पहाटे फार ओरडतो म्हणून त्याला जामसरला सासुरवाडीला पाठवलं. (सुकऱ्याच्या. कोंबड्याचं कुठे ठरलेलं नव्हतं.) बैलांच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्या कोंबल्या. पोरांना सांगितलं, खेळा, पण मनात. म्हातारा भिका रात्रंदिवस खोकायचा, त्याला नाचणीच्या खळ्यापलीकडे खोकायची स्वतंत्र जागा नेमून दिली आणि दोन खोकल्यांच्या मध्ये त्याला चहा पोहोचवण्याची व्यवस्था झाली. उंबरटेकमध्ये इतकी शांतता पसरली, की शेजारच्या पाड्यावरून कोण वारलं हे विचारायला माणसं आली.

पाहुणे आले. प्रत्येकाच्या बॅगेत जाडजूड पुस्तकं. एका निवृत्त प्राध्यापकांची बॅग दोघांनी उचलली. फोन सगळ्यांनी सोबत ठेवले होते, पण फक्त वेळ बघायला. (घड्याळं हातात होतीच.) गवताच्या छपराखाली खाटा टाकल्या, नाचणीची भाकरी झाली, आणि वाचनाला प्रारंभ झाला. मंडळाच्या स्वतःच्या सर्वेक्षणानुसार पहिल्या दिवशी दर सदस्यामागे सरासरी पावणेतीन पानं वाचून झाली. त्यांत एक पान अर्पणपत्रिकेचं होतं.

संध्याकाळी मंडळाचे खजिनदार गोठ्याच्या मागे कमलेशला गाठून हळूच म्हणाले, "काय रे, इथे कुठेच रेंज येत नाही ना?"

कमलेशने ओळखलं. परीक्षा! "नाय साहेब. आंबा मोहरला तरी नाय."

खजिनदारांचा चेहरा पडला. कमलेशला वाटलं, गुण लिहून घेत असतील.

मग रांगच लागली. एक बाई पाण्याच्या हंड्याआड विचारून गेल्या. एक जण झाडावर चढून उतरला आणि पक्षी बघत होतो म्हणाला. प्राध्यापकांनी मुद्दा तात्त्विक पातळीवर नेला. "मला रेंज नकोच आहे. पण येत असेल ती जागा फक्त दाखवून ठेव, म्हणजे मी ती टाळू शकेन." कमलेश प्रत्येकाला अधिकाधिक ठामपणे नाही सांगत गेला. शेवटी तर त्याने सांगितलं, की एकदा रेंज चुकून इकडे आली होती, पण रस्ता बघून परत गेली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे भाकरी पुरती खाईनात. पुस्तक उघडायचे, मिटायचे, पुस्तकाच्या पाठीवर अंगठा वर-खाली फिरवायचे. प्राजक्ताताई म्हणाल्या, "कमलेश, ठिकाण सुंदर आहे रे. पण काहीतरी कमी आहे. अहवालात तसं लिहावं लागेल."

काय कमी आहे ते त्यांनी सांगितलं नाही. कमलेशने भिकाचा चहा वाढवला. हर्षदाने भट्टीवर न्यायचं पातेलं घासून चुलीजवळ पालथं घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चढावरून शिट्टी ऐकू आली. तुळशीदासभाऊ! गळ्यात मशीन, ठरल्या तारखेला, ठरल्या दगडावर. पाड्यातल्या प्रत्येक उघड्या दारातून पिशवी घेऊन एकेक माणूस बाहेर पडला.

"आये, थांब! पाहुनं बघतील!" कमलेश चैतीच्या आडवा गेला.

"बघू दे. त्याना पुस्तक वाचून भूक भागते. मना भात लागतो," म्हणत म्हातारी त्याला बाजूला सारून चढू लागली.

पाहुण्यांना वाटलं, ही इथली काही पारंपरिक यात्रा असावी. तेही पुस्तकं घेऊन मागे निघाले. पहिला अंगठा लागला. मशीन टुंग झालं. आणि त्याच क्षणी प्राध्यापकांचा खिसा टुंग झाला. मग खजिनदारांचा. मग सगळा चढ टुंगटुंगू लागला. जव्हार-मोखाड्याच्या इतिहासात इतके निरोप एका वेळी एका कातळावर कधी उतरले नव्हते. त्या आवाजाने कातळाजवळच्या झाडावरचे बगळे उडाले, ते म्हणे थेट शिरपामाळला जाऊन बसले.

कमलेश खाली मातीत बसला. संपलं. विटा.

प्राजक्ताताई धापा टाकत त्याच्यापुढे आल्या. चेहरा लाल. "ही जागा तू आमच्यापासून लपवून ठेवलीस?"

"चुकी झाली ताई."

"अरे, हेच तर कमी होतं!"

दगडावर आता दोन रांगा होत्या. एक अंगठा लावायला आलेल्यांची, दुसरी अंगठा फिरवायला आलेल्यांची. प्राध्यापक कातळाच्या टोकावर, उघडं पुस्तक छातीशी धरून, जगापासून दूर असल्याचा फोटो जगाला पाठवत उभे होते. मागून चैतीने त्यांचा सदरा ओढला. "ओ मास्तर, उतरा. माजा अंगठा ऱ्हायला."

मंडळाचा अहवाल एकमताने मंजूर झाला. उंबरटेक पसंत. ज्याला मोबाईलचा त्याग करायचा आहे, त्याला तो दिवसातून काही वेळा करता आला पाहिजे, ही सोय इतर कुठल्याही ठिकाणी नाही, असं त्यात म्हटलं आहे. एकच त्रुटी नोंदवली: फोटोत मागे रेशनच्या पिशव्या येतात.

ही त्रुटी मात्र गंभीर होती. पाड्याने टॉवरसाठी पूर्वी पुष्कळ अर्ज केले होते. कारणं दिली होती आजारपण, बाळंतपण, शाळा, रेशन. ती कारणं विचाराधीन होती. आता मंडळाने एक पत्र धाडलं, की स्थानिक लोकांना त्यांच्या घरातच रेंज मिळाली तर दगड वाचकांसाठी मोकळा राहील. पुढच्या भातकापणीच्या आत टॉवर उभा राहिला. फोटोच्या कोनाबाहेर, अगदी विचारपूर्वक.

उंबरटेकमध्ये आता चुलीपाशीसुद्धा रेंज येते. ही गोष्ट नव्या पाहुण्यांना सांगायची नाही, असं पाड्याने ठरवलंय. (त्यागाच्या नियमाने त्यांचे फोन पाड्यात बंद असतात, ते दगडावरच सुरू होतात.) बिचाऱ्यांचा विरस व्हायचा. ते हिवाळाभर उन्हात दगडावर रांग लावतात, एका पायावर उभे राहतात, फोन डोक्यावर धरतात. चैती खाली ओट्यावर पदराआड फोन धरून आश्रमशाळेतल्या नातीशी बोलत असते. पाहुण्यांना वाटतं, म्हातारी जप करतेय. हर्षदा त्या भट्टीच्या पातेल्यात पाहुण्यांचा भात शिजवते. कोंबडा परत आलाय, पण त्याला सासुरवाडीची सवय लागल्याने तो आता कुणासाठीच उठत नाही.

तुम्हीही या. जाड पुस्तक आणा, फोटोत बारीक पुस्तक दिसत नाही. आणि ही हकिगत इथवर वाचताना तुम्ही मध्ये एकदाही फोनकडे पाहिलं नसेल, तर तुमचं मनापासून कौतुक. फक्त एकदा उठून खिडकीपाशी जाऊन बघा. तुमच्याकडे रेंज गेली असणार.