तीन बेटं आणि एक फिरती टाचणी

"माझ्या नजरेतून आजवर फक्त एकच गोष्ट सुटली आहे," दादा म्हणाले, "आणि ती कोणती, हे मला अजून कळलेलं नाही."

चष्मेवाल्याने हातातल्या भिंगावर फुंकर मारली आणि मान डोलावली. बायकोचा थोरला भाऊ बोलत असला की मान डोलवायची आणि हात चालू ठेवायचे, हे त्याने लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. बावीस वर्षांत हा बेत बदलायची गरज पडली नव्हती.

दादांनी एकतीस वर्षं घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले होते. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या दारावर 'खाजगी गुप्तहेर' अशी पाटी लावली. अक्षरं मुद्दाम इतकी बारीक ठेवली होती की वाचायला जवळ जावं लागे, आणि जवळ गेलेला माणूस आयताच तावडीत सापडे. "मीटर जिन्याखाली असतो, कपाटाआड असतो, न्हाणीघराच्या दारामागे असतो," ते त्या माणसाला सांगत. "म्हणजे लोक जिथं जिथं काही लपवतात, तिथं तिथं मी एकतीस वर्षं वाकलोय. आता मी माणसं वाचतो. पद्धत तीच. मागचा आकडा, आजचा आकडा आणि मधला फरक. फरक पडला की समजायचं, गुन्हा घडलाय."

त्यांनी आजवर तीन प्रकरणं हाताळली होती. दोन सुटली नव्हती. तिसऱ्यात चोरीला गेलेली छत्री शेवटी सापडली, ती दादांच्याच हातात.

चौथं प्रकरण चष्मेवाल्याच्या घरातलं निघालं, आणि भिंगं बाळगणारा नात्यातला एकमेव माणूस म्हणून साहाय्यकही तोच ठरला.

झालं होतं असं. अकरा वर्षांत चष्मेवाल्याने दुकान सलग आठवडाभर कधी बंद ठेवलं नव्हतं. पुढच्या महिन्यात मुलगी शिकायला दूरच्या शहरात जाणार होती, आणि त्याआधी तिघांना मिळून मोकळा असा एकच आठवडा हाती लागत होता. समुद्रावर जायचं, चांगल्या उबदार बेटावर जायचं, इथपर्यंत सगळं नक्की होतं. सहलवाल्या बाईंनी तीन बेटांची रंगीत पुस्तिका दिली होती. एक कासवांचं. एक ज्वालामुखीचं. आणि तिसरं नुसत्या वाळूचं, जिथं बघण्यासारखं काहीच नाही याचीच त्यांनी दोन पानं जाहिरात केली होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत बेटाचं नाव कळवलं नाही, तर जागा दुसऱ्यांना जाणार होत्या.

दुसऱ्या एखाद्या घरात हे काम चहा उकळेपर्यंत उरकलं असतं. पण या घरात 'मला हे हवंय' असं म्हणायची पद्धत नव्हती. "तुम्हाला काय हवंय?" "तुला आवडेल ते." "छे, तुम्ही सांगा." "तुमचं ठरलं की माझं ठरलंच." या वाटेने एक पडदा विकत घ्यायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं. शेवटी आणलेला करडा पडदा तिघांनाही आवडला नव्हता आणि तिघांनीही त्याचं कौतुक केलं होतं.

म्हणून बायकोने युक्ती काढली. जेवणाच्या खोलीत मऊ फळ्यावर समुद्राचा नकाशा लावला, वर प्लास्टिक चढवलं. लाल डोक्याची टाचणी घेऊन तिने ती तिन्ही बेटांवर एकेकदा टोचून दाखवली. "ज्याला जिथं जायचंय त्याने टाचणी तिथं लावायची. गुपचूप. बोलायचं नाही. शनिवारी जिथं असेल तिथं जायचं."

टाचणी पहिल्या दिवशी कासवांवर होती. दुसऱ्या दिवशी ज्वालामुखीवर, तिसऱ्या दिवशी वाळूवर, चौथ्या दिवशी पुन्हा ज्वालामुखीवर.

चष्मेवाल्याने तिला बोटही लावलं नव्हतं. त्याला कासवं बघायची होती, पण बायकोला ज्वालामुखी हवाय तर तिचं मन कशाला मोडा, असा विचार करून त्याने टाचणी तिथंच राहू दिली. जेवताना तिला बरं वाटावं म्हणून म्हणालाही, "ज्वालामुखी म्हणजे बघण्यासारखी गोष्ट असते म्हणे." दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला टाचणी कासवांवर. आपण होकार दिला की बायको जागा बदलते, असा त्याने अर्थ काढला. बायकोनेही तोच अर्थ काढला असावा, कारण त्या दिवसापासून दोघांचं जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलणं नव्हतं.

शेवटच्या एकत्र सुट्टीला असं गाल फुगवून जायचं, या विचाराने त्याला दुकानात एका गिऱ्हाइकाचा डावा नंबर उजवीकडे लिहायला लावला. त्याच संध्याकाळी, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, तो दादांशी बोलला.

दादांनी तपास हाती घेतला म्हणजे घरच हाती घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की टाचणी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान हलते. तिघंही तेव्हा बाहेर असत. नकाशावर त्यांनी चष्मेवाल्याचं सगळ्यात जाड भिंग फिरवलं.

"एक ठसा नाही, मेहुणे. रोज कुणीतरी पुसल्यासारखा लख्ख आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीपाशी जमिनीवर पीठ पसरलं. अकराला येऊन बघतात तर पीठ गायब.

"नुसतं झाडलेलं नाही," दादा खाली वाकून म्हणाले, "वरून ओलं फडकंही मारलंय. सराईत माणूस आहे. थंड डोक्याचा. कोपरेसुद्धा सोडले नाहीत."

"पाय उचला दादा," कामाच्या मावशी म्हणाल्या. त्यांच्याकडे घराची किल्ली होती आणि सकाळच्या वेळी सगळं घर त्यांच्यावर सोपवलेलं असे. दादांनी पाय उचलले, मावशींनी खालची फरशी पुसली, दादांनी पाय खाली ठेवले. वाक्य मध्ये कुठंही तुटलं नाही.

तिसऱ्या दिवशी संशय सहलवाल्या बाईंवर गेला. "वाळूच्या बेटावर काहीच नाही. जिथं काहीच नाही तिथं खर्च कशाचा? म्हणजे नफा तिथं." मग बाई दुसऱ्या मजल्यावर, बंद दारातून, रोज टाचणी हलवायला येतात कशा, असं चष्मेवाल्याने विचारलं. "तोच तर तिचा कावा," दादा म्हणाले.

चौथ्या दिवशी भाची. ती फोनकडे बघून हसते, म्हणजे कुठल्यातरी बेटावर कुणीतरी आहे. "आणि तीन बेटं म्हणजे, मेहुणे, मन घट्ट करा." चष्मेवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदाच मान डोलावली नाही.

शुक्रवारी दादा स्वतः सकाळपासून करड्या पडद्यामागे उभे राहिले. दुपारी दुकानात आले ते घामाघूम.

"समोर हलली मेहुणे, माझ्या जवळजवळ समोर. मावशींनी पडदा धुवायला मागितला म्हणून जेमतेम पाच मिनिटं गॅलरीत गेलो. येऊन बघतो तर ज्वालामुखी. आणि घरात चिटपाखरू नव्हतं."

"मावशी होत्या ना?" चष्मेवाल्याने काडीचा स्क्रू आवळता आवळता विचारलं.

"मावशी होत्याच की. मी माणसांबद्दल, म्हणजे संशयित माणसांबद्दल बोलतोय. मावशींना कुठं बेटावर जायचंय?"

हे चष्मेवाल्यालाही पटलं. पटायला नको होतं, पण बायको आपल्यावर का रागावली आहे हे एकदा डोक्यात शिरलं की माणसाला हातातला स्क्रूसुद्धा दिसत नाही.

शनिवारी साडेचारला दादांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. स्वतः उभे राहिले, कारण उभं राहिल्याशिवाय त्यांना निष्कर्ष निघत नसत. टाचणी त्या वेळी ज्वालामुखीवर होती.

"गुन्हेगार," ते म्हणाले, "याच खोलीत आहे."

"मामा, ही खोली म्हणजे आम्ही तिघंच आहोत," मुलगी म्हणाली.

"म्हणूनच निवड अवघड होती." ते बहिणीकडे वळले. "गेले दहा दिवस तू सकाळी सहाला बाहेर पडतेस. मैत्रिणीकडे जाते म्हणतेस. सातला परत येतेस, केस ओले. टॉवेल ओला. मागचा आकडा कोरडा, आजचा आकडा ओला. तुझा समुद्राशी संबंध आलेला आहे. तू एक बेट आधीच बघून आलीस, आणि ते आम्हाला कळू नये म्हणून—"

"तासाभरात?" मुलगी म्हणाली.

"वेळेचं मी नंतर बघणार होतो."

बायकोने मान खाली घातली. "पोहायला शिकतेय," ती म्हणाली. "टाचणी पहिल्यांदा कासवांवर दिसली. मला वाटलं, ह्यांना ते हवंय. पुस्तिकेत लिहिलंय, कासवं बघायला पोहता यावं लागतं. काठावर बसून राहिले तर ह्यांनाही काठावर बसावं लागलं असतं."

चष्मेवाला तिच्याकडे बघतच राहिला. "मग तू रोज ती हलवत का होतीस?"

"मी? मी कुठं हलवली? तुम्हीच हलवत होता. मी गटांगळ्या खातेय आणि तुमचं आपलं आज वाळू, उद्या डोंगर."

"आता तुम्ही, मेहुणे," दादा सरसावले. "साहाय्यकावर संशय घ्यायला जिगर लागते, ती माझ्यात आहे. तुम्ही आठवडाभर लंगडताय. कपाटात जाड तळाचे नवे बूट आहेत. तुम्ही झोपेत चालता. भान नसताना उठता, बूट घालता, टाचणी हलवता—"

"पाण्याच्या टाकीचा जिना चढतो रोज," चष्मेवाला म्हणाला. "दीडशे पायऱ्या. हिला ज्वालामुखी चढायचाय असं वाटलं. वर जाता जाता मला दम लागला असता तर तिला मध्येच परत यावं लागलं असतं."

 मुलगी आईकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आईकडे बघत होती. मग तिने ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच.

"मग टाचणी," दादा सावकाश म्हणाले, "हलवतंय कोण?"

दार उघडून मावशी आत आल्या. शनिवारी त्यांची दुपारची दुसरी फेरी असे. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, फडकं घेतलं आणि थेट नकाशाकडे गेल्या. टाचणी काढली. फडकं वरपासून खालपर्यंत फिरवलं. टाचणी वाळूवर लावली.

"वहिनी, एक सांगू का," त्या म्हणाल्या, "ही टाचणी कशाला लावून ठेवलीय? रोज काढा, पुसा, परत लावा. आणि ते पीठ कोण सांडतंय? दोनदा पुसावं लागलं मला."

दादा खुर्चीत बसले. बसूनही त्यांचा निष्कर्ष निघेना.

"मावशी," मुलीने विचारलं, "तुम्ही ती लावता कुठं?"

"जिथं आधीच भोक असेल तिथं. तीन आहेत. नवीन कशाला पाडू, नकाशा खराब होतो. आणि कुठंही लावली तरी काय, सगळीकडे पाणीच आहे."

"पण मी विचारलं होतं," दादा म्हणाले, "सकाळी इथं कोण कोण येतं म्हणून."

"मला कुठं विचारलंत? माझ्यासाठी तुम्ही फक्त पाय उचललेत."

पावणेपाच झाले होते. चष्मेवाल्याने मनाशी हिशोब मांडला. दहा दिवस टाचणी फिरली, तीन माणसांनी तिचा मान राखला, आणि जमेच्या बाजूला कुणाचीही इच्छा म्हणून एक ओळ नाही. पंधरा मिनिटं उरलेली, आणि घरात आजवर कुणी न केलेलं काम करायचं बाकी.

"मला कासवं बघायची आहेत," तो म्हणाला. वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्याने इकडेतिकडे बघितलं. छत जागेवर होतं.

"मला नकोत," बायको म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "म्हणजे, मला काहीच बघायचं नाही. बावीस वर्षं इकडे बघ, तिकडे बघ. मला वाळूत पडायचंय."

"मला पण वाळू," मुलगी म्हणाली. "तुम्ही दोघं शेजारी पडलेले हवेत. बूट न घालता."

"पण कासवं," चष्मेवाला जोर लावून म्हणाला. भांडायची सवय नव्हती, तरी जमत होतं. "शंभर-शंभर वर्षं जगतात म्हणे."

"मग पुढच्या वर्षीही असतील," मुलगी म्हणाली.

 आपण हरलो, हे त्याला स्पष्ट दिसलं, आणि इतकं स्पष्ट त्याला या घरात कधी काहीच दिसलं नव्हतं. बायको हसत होती. आठवडाभरात पहिल्यांदा.

"आणि पोहायचं?" त्याने विचारलं.

"ते सोडणार नाही. आता पाय सुटतात तळापासून."

पाचला सात मिनिटं कमी असताना बायकोने सहलवाल्या बाईंना फोन लावला. "वाळूचं," ती म्हणाली. "हो, नक्की. हो, सगळ्यांनी मिळून ठरवलं. तिघं."

दादा उठले. कोटाची बटणं लावली. झालं गेलं विसरून त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं होतं.

"तिघं," ते म्हणाले. "म्हणजे तू, भाची आणि मी. दुकान अकरा वर्षांत बंद राहिलेलं नाही, त्यामुळे मेहुणे येणार नाहीत, हे मी सोमवारीच ताडलं होतं. मी बॅग भरून ठेवली आहे."

चष्मेवाल्याने सवयीने मान डोलवायला घेतली. बायकोने फोन खाली ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "तू येणार नाहीयेस."

 मावशी फडकं हातात धरून थांबल्या. दादांनी बहिणीकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, आणि मग आवाज खाली आणून साहाय्यकाला म्हणाले, "हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"आमच्याकडे तशी पद्धत नव्हती दादा," चष्मेवाला म्हणाला, आणि नवे बूट परत करायला घेऊन निघाला.