लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

नंदाताई हाती येईल त्या कागदाला लॅमिनेशन करून आणतात. आधार कार्ड, लाइट बिल, तृतीयपंथी असल्याचं ओळखपत्र, इतकंच काय, गॅस सिलिंडरची पावतीसुद्धा. लातुरात आमच्या शेजारी त्या क्लासच्या पोरींना डबे पुरवतात. दूधवाला उद्या नक्की येतो म्हणाला, तरी त्या विचारतात, "कागदावर हाय का?"

या पालुपदाला कारण होतं. त्यांना हार्मोनच्या गोळ्या रोज लागतात. सरकारी दवाखान्यात त्या मोफत होत्या, पण पाळी थांबलेल्या बायकांसाठी. "तुम्हाला देता येत नाहीत," असं खिडकीवर सांगायचे. नंदाताई म्हणायच्या, "न्हाई, तर तसं कागदावर द्या." लिहून कुणीच देईना. अकरा अर्जांनंतर गोळ्या मिळू लागल्या.

त्या बुधवारी मला म्हणाल्या, "चला जरा. तुम्ही पेपरात होतात. नुसतं उभं राहिलात तरी लोक नीट बोलतेत."

गोळ्या संपून चार दिवस झाले होते. अंगातून वाफा निघत होत्या, झोप नव्हती. हार्मोनचे डॉक्टर नांदेडहून महिन्यातून एकदाच येतात आणि दुपारी एकला निघतात. दहाला त्यांनी नवी चिठ्ठी लिहून दिली. औषधाच्या खिडकीपुढं लांब रांग होती. तेवढ्या वेळात नंदाताई समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन आल्या.

"आधी हे कुठल्या रांगेत बसतं ते ठरवा," मागून एकजण म्हणाला.

"तुझ्या पुढं, दादा. डोळे फुटले का?"

नंबर आला. फार्मासिस्टनं चिठ्ठीवर शिक्का मारला. शाई प्लास्टिकवर पसरली. त्यानं अंगठ्यानं पुसून पुन्हा मारला.

"ताई, ह्याला काय केलं?"

"जपलं."

"आता किती गोळ्या दिल्या ते लिहू कुठं?"

"मनात लिहा."

"मनात चालत नाही. कागदावर लागतं."

रांगेत कुणीतरी हसलं. नंदाताई हसल्या नाहीत.

दुसरी चिठ्ठी हवी, तर बारा नंबरच्या खोलीत अर्ज. साडेबारा वाजले होते. कारकुनानं छापील फॉर्म पुढं केला. नंदाताईंनी तो भराभर भरला. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. जवळच्या नातेवाईकाचं नाव, नातं, सही.

"माझीच सही घ्या की साहेब."

"नातेवाईकाची लागते. कुणीच नाही का?"

नंदाताईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "भाऊ हाय देवणीला. त्यानं मला टाकलंय."

कारकुनानं त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

"शेजारी चालंल का?"

"नाही."

खिडकीतून दिसत होतं, डॉक्टरांची गाडी दारापुढं लागली होती. एकला दहा मिनिटं होती. मी फॉर्म ओढून घेतला, माझं नाव लिहिलं, नात्यापुढं 'भाऊ' लिहिलं आणि सही केली.

कारकुनानं चष्मा वर सरकवला. "सख्खे? थोरले की धाकटे?"

मी तोंड उघडण्याआधी नंदाताई बोलल्या. "धाकटा. शेंडेफळ. आईनं लई लाडानं बिघडवला."

त्यांचं वय फॉर्मवर होतं, सत्तेचाळीस. मी एकसष्टचा, डोक्यावर एक काळा केस नाही. कारकुनानं माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

डॉक्टरांनी गाडीच्या बॉनेटवर चिठ्ठी लिहिली. एक वाजून वीस मिनिटांनी गोळ्या मिळाल्या. नंदाताईंनी नळावर पहिली गोळी घेतली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःकडं घेतली.

"चल रं," त्या म्हणाल्या. "सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस."